पाचवी जागा

मित्रांनो, मी उमरीच्या शाळेतला एक जुना सागवानी बाक आहे. सध्या अडगळीच्या खोलीत असतो. माझं एक टोक गुळगुळीत आहे आणि दुसरं खडबडीत. मुलं विचारतात, याला उंदरांनी कुरतडलं का? उंदीर बिचारे उगाच बदनाम होतात. ते काम माणसांचं आहे.

माझं लाकूड इस्लापूरच्या जंगलातलं. देगलूरकडच्या विरूपाक्ष सुताराने मला घडवलं. पाच मुलं ऐसपैस बसतील एवढा त्याने मला लांब केला आणि रंधा मारून झाल्यावर कितीतरी वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिला. तेव्हा निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं होती. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चाले. आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकता यावं म्हणून अमृतराव वकिलांनी गावात मराठी शाळा काढली. मला तिथे नेऊन ठेवलं तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

एकदा शाळेत सभा भरली. गावचे प्रतिष्ठित माझ्यावर दाटीने बसले होते. सरकारी नोकरीची परीक्षा उर्दूत असे आणि गावातली मुलं धडाधड नापास होत. वकीलसाहेब उठून म्हणाले, "ज्याच्या घरात उर्दू बोलतात आणि ज्याच्या कानावर ती कधी पडली नाही, त्या दोघांना एकच परचा देणं हा इन्साफ नव्हे. आमच्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवा. ही भीक नाही, हक्क आहे!" टाळ्यांनी छप्पर दणाणलं. मित्रांनो, मी लाकूड असूनही शहारलो. इतकं खरं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आमचे रेणुकादास मास्तर अबोल होते. टाळ्या थांबल्यावर ते म्हणाले, "वकीलसाहेब, एक जागा या बाकावरही राखू या. महारवाड्यातल्या दगडोबाची मुलगी केवळा रोज खिडकीखाली बसून शिकते."

सभा गारठली. वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "शाळा सगळ्यांना खुली आहे, मास्तर. सर्वांची घेतो तशी तिचीही परीक्षा घ्या. नियम एकच."

दुसऱ्या दिवशी केवळा आली. आठ-नऊ वर्षांची, धुऊन विटलेल्या परकरातली. तिचा हात लागू नये म्हणून पाटी लांबून जमिनीवर ठेवली. पोरीने जन्मात पाटी धरली नव्हती. लेखणी मुठीत धरून ती नुसती बसून राहिली. मग एकदम पावकीचा पाढा म्हणायला लागली, पावकी झाली की निमकीचा, एकही चूक नाही. पण परीक्षा लिहिण्याची होती.

"नापास," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना वाईटही वाटलं असावं.

मास्तर हळूच म्हणाले, "जिच्या घरात पाटी कधी आली नाही, तिला तोच परचा दिलात. कालच तुम्ही अशा परच्याला काय म्हणालात, साहेब?"

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. वकीलसाहेब हुशार होते, त्यांना ते तिथेच दिसलं. खाली मान घालून ते म्हणाले, "बसू द्या. टोकाची जागा तिची."

केवळा माझ्या टोकाला बसली. इतकी हलकी, की मला भार म्हणून जाणवलाच नाही. बाकीची मुलं आधी दुसऱ्या टोकाला सरकून बसली. मग उद्धव नावाचा मुलगा हळूहळू जवळ आला आणि लेखणी कशी धरायची ते तिला दाखवू लागला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते.

उद्धवने ते घरी सांगितलं आणि वडीलमंडळी शाळेत आली. शाळा बाटली, मुलं काढून घेतो, वर्गणी बंद. वकीलसाहेबांनी तोडगा काढला, साप मरावा आणि काठीही मोडू नये असा. पोरीने पुन्हा खिडकीखाली बसावं आणि तिने बाटवलेलं टोक कापून टाकावं.

विरूपाक्षाला बोलावलं. तो म्हणाला, "चांगलं लाकूड हाय, साहेब. वरून रंधा मारतो की."

"लोकांचं समाधान होणार नाही," वकीलसाहेब म्हणाले.

करवत चालली. मला घडवणाराच मला कापत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. माझा पाय त्याने आत सरकवून पुन्हा ठोकला. पाचाचा बाक चौघांचा झाला. तुटलेल्या तुकड्याला हात कोण लावणार? गावाला जे नको ते उचलण्याचं काम दगडोबाचं. म्हणून त्यालाच हाक मारली.

दगडोबाने तुकडा उचलून काखेत धरला. दाराबाहेरून म्हणाला, "मालक, ह्यो तुकडा आता आमचाच न्हवं?"

"हो, ने."

"मंग ह्याच्यावर माजी पोरगी बसली तर कुणी बाटत न्हाई न्हवं?"

मास्तरांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून केवळा कुंपणापलीकडे त्या तुकड्यावर बसून शिकू लागली. मला खिडकीतून ती दिसे. पुढे रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, शाळा बंद पडली. पुन्हा उघडली तेव्हा कुंपणापलीकडे केवळा नव्हती आणि तुकडाही नव्हता. महारवाड्यातली अर्धी घरं रिकामी होती. ती कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही आणि मला विचारता येत नव्हतं.

मग निजाम गेला, नवा कायदा आला. जागा राखण्याचा कायदा. तेव्हापासून माझ्यावर बसून कित्येक शहाणे म्हणाले आहेत, "जागा राखायच्या कशाला? नियम सगळ्यांना एकच हवा."

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, जमलं तर वर्षाकाठी तेलाचा हात फिरवा. पण माझं कापलेलं टोक घासून सारखं करू नका. ते बघितलं की कळतं, माझ्या उरलेल्या चारही जागा पहिल्या दिवसापासून राखीवच होत्या. तसं कुणी म्हटलं नाही, एवढंच.