पुलावरची पांढरी

"लागला! लागला!"

गॅरेजच्या लांबलचक शेडमध्ये एकच गलका उठला. शटर खाली ओढलेलं, भरदुपारी आत अंधार, आणि त्या अंधारात उजेडबाबाच्या उघड्या तळहातावर हेडलाइटचा बल्ब लखलखत होता. ना वायर, ना बटण. माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत पुढे घुसत होती. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंच धरला. एक ट्रकवाला तर चक्क रडत होता.

"हा विजेचा उजेड नाही, लेकरांनो," बाबा म्हणाला. "बारा वर्षं मी अंधाऱ्या खोलीत बसलो, तेव्हा तो माझ्यात साठला. आता तोच तुमच्या गाड्यांत भरतोय. ज्याच्या गाडीत माझा बल्ब, त्याला पांढरी दिसणार नाही!"

"बारा वर्षं अंधारात? विजेचं बिल तरी वाचलं असेल," मी पुटपुटले. शेजारच्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या माहेरचं काही काढलं.

मी डोळ्यांची डॉक्टर. फटकळ आहे, हे आई माझ्या लहानपणापासून सांगत आलीय. पण त्या दिवशी मी तिथे भांडायला नव्हते गेले. माझ्या धाकट्या भावाला परत आणायला गेले होते.

झालं होतं असं. गावाबाहेरच्या दगडी पुलाच्या वळणावर दोनेक महिन्यांपासून 'पांढरी' नावाचं भूत दिसतं असा बोभाटा झाला होता. तिन्हीसांजेला समोरून गाडी येते, एकाएकी डोळ्यांपुढे पांढरी उभी राहते आणि रस्ताच नाहीसा होतो. तीन गाड्या कठड्यावर आदळल्या. तिसरी धाकट्याची, म्हणजे शाळेची व्हॅन. मुलं नुकतीच उतरली होती, आत फक्त आमची आई होती. तिचा हात मोडला. आजही ती गळ्यात पट्टी अडकवून, काळी शाल पांघरून माझ्याशेजारी उभी होती.

धाकटा पहिल्या रांगेत होता. सकाळीच त्याने बाबाचे बल्ब व्हॅनमध्ये बसवून घेतले होते, आणि उद्या संध्याकाळी मुलांनी भरलेली ती व्हॅन घेऊन तो त्याच पुलावरून जाणार होता. मी धावत आले होते ती त्यासाठी.

"चल घरी," मी त्याचा दंड धरला. "आणि आधी ते बल्ब काढ."

"ताई, तू नको मध्ये पडूस. मी पाहिलीय तिला."

त्याच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. आईचा हात आपल्यामुळे मोडला, हे त्या पोराला सहन होत नव्हतं. पांढरीवर ढकललं की जरा तरी झोप लागत होती. मला त्याची चीडही येत होती आणि गलबलूनही येत होतं.

बाबाने पुन्हा वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि बल्ब उचलला. पुन्हा लखलखाट, पुन्हा गलका. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गृहस्थ दरवेळी हात ओला का करतो?

"मला द्या की जरा हातात," मी पुढे होऊन म्हणाले.

"तुझ्या हातात विझेल, डॉक्टरीणबाई. तुझ्या मनात शंका आहे."

"शंका आहे हे मात्र बरोबर ओळखलंत."

लोक हसले. बाबा बल्ब टेबलावर ठेवून एका भक्ताच्या डोक्यावर हात ठेवायला वळला, तेवढ्यात मी तो उचलला. कोरड्या हातात मख्ख. मग कोपऱ्यातल्या बादलीतलं गाडी पुसायचं ओलं, कळकट फडकं काढलं, टेबलावर पसरलं आणि त्यावर बल्ब टेकवला. लख्ख!

"या, नमस्कार करा!" मी ओरडले. "हे फडकंसुद्धा बारा वर्षं अंधारात बसलेलं दिसतंय! अहो, पोटात बारकी बॅटरी आहे याच्या. ओल्या हाताने दोन टोकं जोडली गेली की लागतो. वीज गेल्यावर घरात लागणारे बल्ब असतात ना, त्यांचीच ही भावंडं."

शेडभर खसखस पिकली. मला वाटलं, जिंकले. पण धाकटा हसला नाही.

"फडक्याची गंमत राहू दे, ताई. ज्यांनी बल्ब लावले त्यांच्यातल्या एकाला तरी पांढरी दिसली का? सांग. आणि आम्ही तिघं कठड्यावर गेलो, आमच्याकडे बल्ब नव्हते. हे खोटं आहे का?"

हसू थांबलं. माना डोलायला लागल्या. बाबाला तर हुरूपच आला.

"अशक्त मनांसाठी हाताचा खेळ करावा लागतो, बाळा," तो मधाळ आवाजात म्हणाला. "पण खरी प्रचीती रस्त्यावर."

खरं सांगते, मी मनातल्या मनात हिशेब मांडायला लागले. कारण धाकटा म्हणत होता ते खोटं नव्हतं. बल्बवाल्यांना पांढरी दिसत नव्हती, बाकीच्यांना दिसत होती. मग माझ्या लक्षात आलं की अजून बल्बवाले आहेतच किती! खाणीवरचे ट्रक तेवढे, ज्यांना बाबाने पांढरीचा बोभाटा व्हायच्या आधीच 'सेवा' म्हणून फुकट वाटले. ते सगळे एका वेळी एकाच दिशेने जाणारे. दोन बल्बवाले समोरासमोर आलेच कुठे होते?

"ठीक आहे," मी म्हणाले. "बाबा, बल्ब लावलेल्याला पांढरी दिसणार नाही, हा तुमचा शब्द?"

"माझा शब्द!"

"मग इथेच पाहू. शेडच्या त्या टोकाला तुमची जीप उभी आहे, या टोकाला याची व्हॅन. समोरासमोर. दोन्हीत तुमचेच बल्ब. होऊ दे तुमच्या उजेडाची परीक्षा."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? गॅरेजवाला जीपकडे गेला. मी लोकांना दोन्ही भिंतींना सरकवलं आणि बजावलं, "काहीही दिसलं तरी कुणी चकार शब्द काढायचा नाही." धाकटा व्हॅनमध्ये चढला. मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"दिवे किल्लीशिवाय लागतात," मी म्हणाले. बाबाकडे डोळे लावून बसलेल्या त्याला ते धड ऐकूही गेलं नाही. बाबा त्याच्या खिडकीला खेटून उभा राहिला.

मी मागे वळले तर आई जागेवर नव्हती. ती शाल डोक्यावरून घेत भिंतीकडेने पुढे निघाली होती. मी धावत जाऊन तिला गाठलं.

"आई, तू नको. मी उभी राहते."

"तू त्याच्याशी बोलत राहा. माझ्या हातामुळेच त्याच्या मनाला लागलंय ना, मग समोर मीच हवी," ती कुजबुजली आणि व्हॅनच्या वाटेत, जीपच्या झोताच्या जरा बाजूला, व्हॅनकडे तोंड करून उभी राहिली.

"लावा दिवे!"

दोन्ही गाड्यांचे दिवे एकदम लागले. पांढराफटक उजेड छपरापर्यंत चढला. भिंतीकडून आम्हाला आई दिसत होती, काळ्या शालीत, व्हॅनच्या बंपरपासून फार तर दोन पलंगांच्या अंतरावर.

"काय दिसतंय?" मी खिडकीजवळ जाऊन विचारलं.

धाकट्याने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. चेहरा घामाने डबडबला होता.

"पांढरं... ताई, सगळं पांढरं. तीच आहे! तीच ही!"

"घाबरू नकोस!" बाबा खेकसला. त्याचेही डोळे स्वतःच्याच उजेडाने दिपले होते, पाणी गळत होतं. "मनाचा खेळ आहे! माझा उजेड पाठीशी आहे. रस्ता मोकळा आहे, घे गाडी पुढे! बिनधास्त घे!"

"रस्ता मोकळा आहे का?" मी विचारलं.

"मोकळा आहे," धाकटा म्हणाला.

आणि त्याचा हात किल्लीच्या जागी गेला. बोटांनी किल्ली फिरवली. नसलेली किल्ली. ती माझ्या मुठीत होती, इतकी घट्ट आवळलेली की तळव्यात रुतली होती.

"दिवे बंद!" मी किंचाळले. "शटर वर करा!"

दिवस आत आला. धाकट्याने डोळे चोळले, पुन्हा चोळले. समोर आई उभी होती.

तो दार उघडून खाली उतरला आणि तिथेच मटकन बसला.

"मी दिसले नाही होय रे?" आईने विचारलं. त्याने फक्त मान हलवली आणि तिच्या पायांना मिठी मारून ओक्साबोक्शी रडला.

"तुझी चूक नव्हती, राजा," मी त्याच्याजवळ बसले. "पण भूतही नव्हतं. समोरून आला तो खाणीचा ट्रक होता, या माणसाचे फुकटचे बल्ब लावलेला."

मग उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं. हेडलाइटच्या आतला आरसा एका ठरावीक बल्बसाठी घडवलेला असतो. त्याची तार नेमक्या जागी असली तर उजेड खाली रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. भिंतीवर तो पाहिला की वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये सरळ रेष दिसते. त्याच आरशात हा भलताच बल्ब कोंबला की रेष पुसली जाते आणि उजेड सैरावैरा उधळतो. लावणाऱ्याला वाटतं, वा, काय लख्ख! आंधळा होतो तो समोरचा. म्हणून बल्बवाल्यांना पांढरी दिसत नव्हती. ते तिला स्वतःच घेऊन फिरत होते.

रडणारा तो ट्रकवाला आता रडत नव्हता. त्याने हातातल्या बल्बच्या डबीवरचा बाबाचा फोटो नखाने खरवडला. खाली बारीक अक्षरं होती: सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये. त्याने ती मोठ्याने वाचली. बाबाला पळायचं होतं, पण जीप शेडच्या आतल्या टोकाला अडकलेली, आणि वाट आता सगळ्यांनी मिळून अडवलेली. मी फोन करून बोलावलेले वाहन तपासणीचे अधिकारी येईपर्यंत त्याला त्या फडक्याशेजारीच बसवून ठेवलं.

"पण ताई, माझे जुने दिवे खरंच मिणमिणते होते," धाकटा हळूच म्हणाला.

"असतील ना. मग जास्त उजेड हवा असण्यात काय चूक आहे? मंजुरीची खूण असलेला, त्याच मापाचा, तेवढ्याच वॅटचा चांगला बल्ब आण. दोन्ही बाजूंचे एकदम बदल. काच पिवळी पडलीय ती घासून घे. आणि दिव्याची उंची भिंतीसमोर लावून बघ."

त्याने तेच केलं, तिथल्या तिथे, गॅरेजवाल्याला हाताशी घेऊन. शटर पुन्हा खाली आलं. भिंतीवर सरळ रेष उमटली. धाकट्याने आईला भिंतीपाशी उभं केलं आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला. रेष तिच्या कमरेशी आली.

"आई, डोळ्यांवर येतोय का उजेड?"

"नाही रे. तुला मी दिसते का?"

"दिसतेस. हाताची पट्टीसुद्धा दिसते."

बाबांनो, बायांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवला की ओवाळायच्या आधी त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि तिथून काय दिसतं ते बघा. शंका विचारायला लाजू नका. मी त्या दुपारी लाजले असते, तर दुसऱ्या दिवशी ती व्हॅन मुलांसकट तशीच पुलावर गेली असती; आणि ती किल्ली काढून घेतली नसती, तर आज आई मला फटकळ म्हणायला उरली नसती.