मुंजीचे लाडू

"बाबा, मुंजीचे लाडू विकत मिळतात का?" दत्ताने विचारलं.

मी पोळ्या लाटत होतो. दत्ताची आई, दीपमाला, होती तोवर पोळपाटाला माझा हात कधी लागला नव्हता. मे महिन्यात आम्ही पुसदला माझ्या आईकडे गेलो आणि तिथेच ती तापाने गेली. दहाव्याला मी आणि दत्ताने केस काढले. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तसेच, गुळगुळीत डोक्याने, हडपसरला परत आलो. मी एका आयटी कंपनीची बस चालवतो. तिथे टोपी घातली की कोणी काही विचारत नाही.

"कोणाची मुंज?"

"माझी."

मी लाटणं खाली ठेवलं. आमच्यात मुंज करतच नाहीत. मग त्याने हळूहळू सांगितलं. पहिल्या दिवशी त्याच्या वर्गाच्या श्रद्धाबाई त्याला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "काय दत्तप्रसाद, सुट्टीत मुंज झाली वाटतं? आमचे लाडू कुठे आहेत?" मे महिन्यात पुण्यात मुंजीच मुंजी असतात. जूनमध्ये दरवर्षी दोन-चार मुलं असं डोकं करून शाळेत येतात. बाईंना दुसरं काही सुचलं नाही.

"मग तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. त्या हसत होत्या ना."

एकदा हो म्हटल्यावर नाही म्हणायची सोय राहिली नाही. वर्ग रोज लाडू मागायला लागला. आणि लाडवांपेक्षा वाईट होत्या टपल्या. त्यांच्या वर्गात कोणी केस कापून आला की प्रत्येकाने त्याच्या डोक्यात टपली मारायची, असा रिवाजच होता. दत्ताचं तर अख्खं डोकंच मोकळं. रतन नावाचा मुलगा दारातच उभा राहायचा. "मुंज्या आला रे," म्हणायचा आणि पहिली मारायचा. मग बाकीचे. टोपी घालून गेला तर टोपी बाकावरून बाकावर फिरायची.

"फार लागतं का?"

"लागत नाही एवढं. पण डोक्याला हात लावला की मला दहावा आठवतो."

मी म्हणालो, "उद्या शाळेत येऊन सगळं सांगतो. एकेकाची मान खाली जाईल."

"नका सांगू. सांगितलंत तर मी आजीकडे पुसदला जाईन. तिथल्या शाळेत जाईन."

"का रे?"

"मग सगळे बिचारा म्हणतील. रतन पण म्हणेल."

या शाळेसाठीच आम्ही पुण्यात टिकलो होतो. मी आधी कामाला होतो ती कंपनी बंद पडली तेव्हा मी परत जाऊ म्हणत होतो. दीपमालाच म्हणाली की दत्ताचं शिक्षण इथेच होईल, तुम्ही दुसरं काम बघा. म्हणून मी बस चालवायला शिकलो. आता तोच जातो म्हणत होता. त्याला जाऊ द्यायचं नाही, एवढं माझं पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. श्रद्धाबाई मला मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन गेल्या. मी दोघींना जे होतं ते सांगितलं.

"मीच म्हणाले ते," श्रद्धाबाई म्हणाल्या.

मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्या प्रार्थनेला त्या मुलांना पुढे उभं करते. सगळ्या शाळेसमोर माफी मागतील."

"नको बाई. त्याला हे कोणाला कळायलाच नको आहे."

"अहो, मग मुलांना मी सांगायचं काय? टपली मारू नका, कारण गुप्त आहे?"

श्रद्धाबाई म्हणाल्या की त्यालाच विचारू. दत्ता आला आणि मला तिथे बघून त्याचं तोंड उतरलं. श्रद्धाबाईंनी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"दत्ता, मी न विचारताच ठरवून टाकलं. माझं चुकलं. आता वर्गाला काय सांगू, ते तू सांग. काहीच नको म्हणालास तरी चालेल."

दत्ता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायला लागला. मग म्हणाला, "बाई, आनंद केस कापून आला की त्याला पण मारतात. त्याची तर आई आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरोबर बोलतोय हा," त्या म्हणाल्या. "टपल्या बंद व्हायला कोणाच्या घरचं माणूस कशाला जायला हवं?"

पुढच्या तासाला श्रद्धाबाई वर्गात गेल्या. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. दत्ताचं नाव त्यांनी काढलं नाही. एवढंच विचारलं, "केस कापल्यावर शाळेत यायला कोणाकोणाला नको वाटतं?"

आधी एकही हात वर झाला नाही. मग आनंदचा झाला. मग एकेक करत बहुतेक सगळ्या मुलांचे झाले. रतनचासुद्धा.

"रतन, तुला कोण मारतं?"

"मला नाही मारत बाई. मी पहिला मारतो ना, म्हणून. नाहीतर मलाच मारतील."

वर्ग हसला. बाईही हसल्या असाव्यात. "म्हणून होय तुमची झुलपं दिवाळीपर्यंत वाढतात? आणि मी आपली घरी निरोप पाठवतेय, मुलाचे केस कापा म्हणून. तर आजपासून टपली बंद. पण कोणी केस कापून आला तर करायचं काय? तुम्हीच ठरवा."

एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, त्याला खिडकीजवळची जागा द्यायची. शेवटी ठरलं की मधल्या सुट्टीत त्याला पहिली बॅटिंग.

"आणि मुलींनी कापले तर?" एका मुलीने विचारलं.

"तुलाही पहिली बॅटिंग, पूर्वा."

"आम्हाला खेळायलाच घेत नाहीत हे."

"आजपासून घेतील," बाई म्हणाल्या.

सवय एका दिवसात सुटली नाही. बाई रोज मधल्या सुट्टीत मैदानावर येऊन उभ्या राहायच्या. कोणाचा हात उठला की नुसत्या बघायच्या. पुढे रतनच इतरांना अडवायला लागला, कारण त्याने केस कापले होते आणि त्याला बॅटिंग हवी होती.

पुसदला जायचं दत्ताने परत काढलं नाही. श्रावणात एका रविवारी तो रतनला घरी घेऊन आला. मी दोघांना पिठलं-पोळी वाढली.

"काका, पोळी जरा वातड झालीय," रतन म्हणाला.

"शिकतोय अजून."

मग त्याला भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. त्याने दत्ताकडे बघितलं.

"आई," दत्ता म्हणाला. "मेमध्ये गेली."

"मग मुंज?"

"नाही झाली."

रतनने पोळीचा घास मोडला. "मला माहीत असतं तर मारलं नसतं."

"माहीत नसलं तरी मारायचं नव्हतं."

"हो," रतन म्हणाला. "ते पण." मग विचारलं, "मी कोणाला सांगायचं नाही ना?"

"सांग. आता चालेल."

रतनने आणखी एक पोळी मागितली. वातड होती तरी खाल्ली.

तो गेल्यावर दत्ता म्हणाला, "बाबा, केस कापायला जाऊ."

"आत्ता कुठे आलेत रे."

"तरी जाऊ."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भीमरावचं सलून आहे. भीमरावने दत्ताला खुर्चीवर फळी टाकून बसवलं, आरशात बघितलं आणि मला म्हणाला, "यात कापायचं काय?"

"थोडेच कापा," दत्ता म्हणाला. "पण कापलेले दिसले पाहिजेत. उद्या मॅच आहे."

भीमरावने त्याच्या डोक्यावर हात ठेवून मान पुढे वाकवली. मी दत्ताच्या तोंडाकडे बघत होतो. तो हलला नाही. फक्त म्हणाला, "कानामागे नीट करा."