माझी मुकी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. चर्चच्या पुढच्या भिंतीशी माझी जागा. पायांनी भाता दाबला की मी श्वास घेते आणि पट्ट्यांवर बोटे पडली की गाते. फक्त एका ओळीपाशी मी आता गप्प राहते. का, तेच सांगते.

तरुणपणी माझा आवाज खणखणीत होता आणि त्याचा मला तोराही होता. पुढे भिंत रंगवायची म्हणून मला हलवताना चौघांच्या हातून मी निसटले. एका पट्टीखालची पितळी पत्ती तुटली आणि ती पट्टी मुकी झाली. नेमका तोच सूर उपासनेच्या शेवटच्या गीतात लांबवून यायचा. पहिल्या रविवारी तिथे मी अडखळले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जाडाभरडा आवाज उठला आणि त्याने तो सूर भरून काढला. ते सुतारकाका होते.

बाकीच्या गाण्यात काका कुठल्या कुठे भरकटायचे, पण तो एक सूर त्यांचा पक्का. मग तशी रीतच पडली. ती ओळ आली की मंडळी थांबायची, पोरे मागे वळून बघायची आणि काका उभे राहून एकटे गायचे. बायको गेल्यापासून ते दुकानामागच्या खोलीत एकटेच राहत. "आठवडाभर करवतीशीच बोलतो मी," ते म्हणायचे, "रविवारी माणसांत येतो." अकरा वर्षांत त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

मला वाजवणाऱ्या शाळेतल्या बाई मनाने फार चांगल्या. मंडळीला चकित करावे म्हणून त्यांनी कोणाला न सांगता कारागीर बोलावला आणि नवी पत्ती बसवून घेतली. त्या रविवारी काका उभे राहिले, त्यांनी तोंड उघडले आणि त्यांच्या आधी मी गायले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. टाळ्या पडल्या. खोटे कशाला बोलू, मी सुखावले. काका हळूच खाली बसले.

उपासना संपल्यावर चर्चच्या दारात पाळकसाहेब हसून म्हणाले, "काका, सुटलात बुवा तुम्ही."

"हो," काका म्हणाले, "झालं आता माझं काम."

पुढच्या रविवारी त्यांची जागा रिकामी होती. बाईंनी चौकशी केली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "बरं नसेल. शिंपीभाऊ डोकावतील, त्यांच्याच गल्लीत आहे घर." शिंपीभाऊंना वाटले, पाळकसाहेब स्वतः जाऊन आले असतील. बाईंना वाटले, दोघांपैकी कोणीतरी गेलेच असेल. त्या दिवशी प्रवचन एकमेकांची काळजी घेण्यावर होते आणि आम्ही फार सुरेल गायलो. असे तीन रविवार गेले.

मग तिसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी सकाळी काकांचे दार फोडावे लागले. तापाने गेले, डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झाले असतील. म्हणजे ते तिन्ही रविवार काका जिवंत होते. उशाशी पाण्याचा पेला कोरडा पडला होता.

अंत्यविधीला चर्च भरून गेले. ती ओळ आली तेव्हा बाईंनी त्या पट्टीवरचे बोट उचलले. त्यांना वाटले, कोणीतरी तो सूर गाईल. पण अकरा वर्षे सगळ्यांनी तो नुसता ऐकलाच होता. कोणाचाही कंठ फुटला नाही. बाईंचे पाय भाता दाबत राहिले आणि माझ्यातून नुसती हवा जात राहिली. "मी कशाला गं तुला दुरुस्त केलं," असे म्हणत त्या माझ्यावर डोके टेकून रडल्या. मलाही माझ्या त्या सुखावण्याची लाज वाटली. ती पट्टी त्यांनी पुन्हा कधी वाजवली नाही.

मित्रांनो, एकत्र गाताना शेजारचे जे आवाज कानावर येतात, ते कोणाचे आहेत हे ओळखून ठेवा. बेसूर असले तरी ठेवा. त्यातला एखादा आवाज एका रविवारी आला नाही, तर दुसरा कोणी जाईल म्हणून थांबू नका. त्याच संध्याकाळी जाऊन त्याचे दार वाजवा. मला चालता येत नाही. तुम्हाला येते.