अवेळी ठेवलेलं आधण

वॉसच्या त्या खोऱ्यात बिअर करायची ती नाताळासाठी. सप्टेंबरात कुणाच्या घरामागे चूल पेटली की लोक काय ते समजतात. ब्रिताच्या घरामागून धूर निघाला तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी टोप्या काढल्या. तिला त्यांचा असा राग आला!

तिनं जन्मात बिअर केली नव्हती. आज तिचे वडील ओड्गेर अंथरुणावरून हुकूम सोडत होते आणि ती धावत होती. मोड आणून वाळवलेली, भरडलेली सातू पिंपात पडली, तिच्यावर जुनिपरच्या, त्या सुवासिक काटेरी झुडपाच्या, डहाळ्यांचं कढत पाणी. गाळलेला गोड रस तीन तास उकळला.

"दीडशे लिटर कुणाला हो, बाबा?"

"माझ्या मयताला येणाऱ्यांना काय पाणी पाजणार आहेस?"

"असलं बोलू नका."

"बरं, राहिलं. पण बिअर झाल्याशिवाय मी कुठं जात नाही, एवढं ध्यानात ठेव."

तिनं नेमकं तेवढंच ध्यानात ठेवलं.

यीस्ट घरचं, पणजोबांपासून जपलेलं, लाकडी कड्यावर वाळवलेलं. रस अंगाइतका कोमट झाला की कडं त्यात सोडायचं; कढत रसात यीस्ट मरतं आणि बिअर होत नाही. ब्रिता थांबलीच नाही. वाफाळत्या रसातच तिनं ते बुडवलं. मनात म्हणाली, बिअर नाही तर मरणही नाही. बर्गेनच्या बँकेत नोकरी करणारी शहाणी बाई, पण त्या क्षणी तिचा यावर पक्का विश्वास बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत, घोंगड्यांत गुंडाळलेल्या पिंपात एक बुडबुडा उठला नाही. ब्रिताला हायसं वाटलं. तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे आंडर्सकाका उभे होते, हातात फेसाळत्या यीस्टची बरणी.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ओड्गेरनं. परवाच म्हणाला, घेऊन ये, लागेल पोरीला." काकांनी तिची नजर टाळली.

बरणी घेऊन ती तरातरा आत गेली. ओड्गेर आढ्याकडे बघत होते. छातीत घरघर लागली होती.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या आईच्या वेळी मीही कढतच घातलं होतं."

"मग?"

"मग काय, आंडर्सच्या बापानं बरणी आणून दिली. तिसऱ्या दिवशी बिअर झाली, आणि तुझी आई गेली. जा पोरी, रस निवतोय."