तीस किलोंची चूक

बाबा दुपारी पावणेदोनला गेले आणि वीज अडीचला गेली. दोन्हींची सूचना आधीच मिळालेली होती. विजेची तर लिफ्टच्या दाराशेजारी चिकटवलेली होती, सही-शिक्क्यासकट.

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. मुलं पाठीमागे त्यांना ‘ज्यूल सर’ म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हे वाक्य त्यांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. देहदानाच्या अर्जात ‘कारण’ नावाचा रकाना होता, त्यातही तेच लिहिलं. मेडिकल कॉलेजने अर्ज मंजूर केला. कारण पटलं म्हणून, की कोणी वाचलंच नाही म्हणून, हे कळायला मार्ग नाही. मुख्य अट वेळेची होती. देह पाचच्या आत पोचला पाहिजे. पाचला तिथला माणूस घरी जातो, दुसऱ्या दिवशी सुट्टी, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना तो देह नको असतो.

आम्ही सातव्या मजल्यावर होतो. तोच शेवटचा मजला.

शववाहिकेचा ड्रायव्हर जिना बघत वर आला होता. “स्ट्रेचर वळणार नाही,” तो म्हणाला. “चाकाच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. एक मी. बाकीचे तीन कोण?”

त्याने आमच्याकडे पाहिलं. कंबरेला पट्टा बांधलेले भावोजी. शेजारचे दातांचे डॉक्टर, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे बदललेले. आणि मी.

“बरं,” तो म्हणाला आणि खाली बसला.

मी लिफ्टवाला आहे, लिफ्ट बसवणारा. बी.एस्सी. फिजिक्स, आणि मग लिफ्टवाला. बाबांना प्राध्यापक हवा होता. लोकांना वाटतं, लिफ्ट दोराला टांगलेली असते आणि ब्रेक सोडला की खाली येते. तसं नसतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळे असतात, निम्म्या भरलेल्या लिफ्टच्या वजनाइतके. रिकामी लिफ्ट त्यांच्यापुढे हलकी पडते. ब्रेक सोडलात तर ती वर जाते. खाली यायला आत माणसं लागतात. आमची लिफ्ट आठ जणांची, म्हणजे आत दोनशे बहात्तर किलो झाले की बरोबरी. घर्षणाला हरवायला त्यावर अजून चाळीस-पन्नास.

वीज नसताना ब्रेक सोडायची दांडी सातव्या मजल्यावरच, दाराशेजारच्या पेटीत आहे. ती धरणारा माणूस आत बसू शकत नाही. म्हणजे माझे ब्याऐंशी किलो बाद. माणसं भरून असं उतरवणं नियमात बसत नाही, हेही मला माहीत होतं. ते नियम मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवतो.

मी विजेची सूचना काढली आणि तिच्या पाठीवर आकडे मांडायला घेतले.

“डॉक्टर?”

“एकाहत्तर.”

“अडुसष्ट,” ड्रायव्हर न विचारता म्हणाला. “डबा खाऊन.”

“भावोजी?”

“शहाऐंशी.”

“ब्याण्णव,” स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

“ब्याण्णव,” भावोजी म्हणाले.

खुर्ची सतरा. बाबा चौऱ्याहत्तर. एकूण तीनशे बावीस. बरोबरीपेक्षा पन्नास जास्त. बाबांनी पैकीच्या पैकी दिले नसते, पण पास केलं असतं.

ताई येणार नव्हती. ती औषधांच्या चिमुकल्या वाट्या घासत होती, आता कोणाला लागणार नसलेल्या. “जन्मभर पोरांसमोर उभे राहिले,” ती म्हणाली. “आता आडवेही पोरांसमोरच. तुम्हाला न्यायचंय, न्या. मी त्यांना तिथे सोडून येणार नाही.” कॉलेजच्या संमतीपत्रावर सही करणार का, असं भावोजींनी विचारलं तेव्हा तिने नळ मोठा केला.

बाबांना भावोजींनी आणि ड्रायव्हरने खुर्चीत बसवलं. रिकामी लिफ्ट ब्रेक सोडून सातव्यावर आणली होती, मी चावीने तिचं दार उघडत होतो. ते काम एका माणसाचं होतं आणि मी ते सावकाश केलं.

चौघं आत गेले. दार लावलं. दांडी ओढली. पेटीतला बॅटरीवरचा दिवा हिरवा झाला, म्हणजे ब्रेक सुटला. लिफ्ट हलली नाही.

दांडी सोडून पुन्हा ओढली.

“सुरू झालं का?” आतून डॉक्टर.

“नाही.”

“मला वाटलं आपण फार अलगद चाललोय.”

“उड्या मारू का?” ड्रायव्हरने विचारलं.

“नका मारू.”

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कॉलेज पंचवीस मिनिटांवर. मी बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. ठोकळे मीच भरले होते, तेही बरोबर होते. विज्ञानात काही चुकलं नव्हतं आणि लिफ्ट मात्र जागच्या जागी, ना वर ना खाली.

ताई हात पुसत बाहेर आली. तिने कागद घेतला.

“बाबा चौऱ्याहत्तर?”

“हो.”

“कुठल्या सालचे?”

मी कागदावरचा आकडा पुन्हा पाहिला.

“सोमवारी चव्वेचाळीस भरले,” ती म्हणाली. “त्यांना कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले आणि माझे वजा केले. दर सोमवारी करते. तू रविवारी येतोस.”

मी वजाबाकी केली. तीस. घर्षणाला हरवायला कमी पडले ते हेच. अकरा महिने मी दारात उभा राहून “कसं वाटतंय?” विचारत होतो. पांघरुणाखाली तीस किलो कमी झाले आणि मला चेहरा तेवढा दिसत होता.

“तुझं किती?” मी विचारलं.

तिला प्रश्न कळला. ती दाराकडे बघत राहिली.

“दांडी मी धरते,” ती म्हणाली. “तू जा आत. तुझं तर भरपूर आहे.”

“धरता येणार नाही. जरा जास्त वेळ ओढली तर वेग वाढतो. सगळे खाली आपटतील. सवय लागते हाताला.”

“शिकव.”

“दोन मिनिटांत नाही शिकवता येत, ताई.”

आतून भावोजी खोकले.

“बावन्न,” ती म्हणाली. “उघड.”

मी दार उघडलं. ती बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. मी दरवाजाची चावी भावोजींकडे दिली, खाली कशी फिरवायची ते सांगितलं, आणि दार लावलं.

या वेळी ओढताच लिफ्ट निघाली. थोडं ओढायचं, सोडायचं, ओढायचं, सोडायचं. प्रत्येक वेळी हातभर खाली. एकवीस मीटर. चव्वेचाळीस गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले एकवीस, नऊ हजार पंचावन्न ज्यूल. सगळी ब्रेकमध्ये जाणार, उष्णता होऊन. लिटरभर पाणी त्यात दोन अंशांनी तापतं. हात लावला तर कळणारही नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी मनगट दुखायला लागलं.

खालून दार उघडल्याचा आवाज आला, मग गाडीचा.

पाचला पाच कमी असताना ताईचा फोन आला.

“घेतलं त्यांनी,” ती म्हणाली. “मुलगा आणि मुलगी, दोघांच्या सह्या हव्या होत्या.”

“मग?”

“दोन्ही मीच केल्या. तुझी सोपी आहे.”

“बरं.”

“येतोस?”

“येतो,” मी म्हणालो. पेटी बंद केली आणि जिन्याने उतरायला लागलो.