गॅस न्हाय, वाफ हाय

काय म्हणावं या माणसाला! उदयसिंह मालकानं काल दुपारी रंग पातळ करायच्या थिनरच्या टाकीचं झाकण उघडलं, तोंडाशी पंखा लावला, आणि आज सकाळी छाती काढून कामगाराला सांगून टाकलं, "गॅस गेला की सगळा! आकाराम, उतर खाली, गाळ काढ."

कबनूरच्या त्या कापडछपाईच्या कारखान्यात दीक्षा केमिस्ट म्हणून लागून जेमतेम महिना झाला होता. टाकी जमिनीखाली, चांगली दोन पुरुष खोल. तिनं वाकून बघितलं. तळाला वीतभर थिनर अजून चमकत होतं. ती तशीच मालकाकडं वळली.

"दादा, कुणी उतरायचं न्हाय."

"का? गॅस गेला की!"

"गॅस असता तर गेला असता. फुगा फुटला की संपला, मागं काय उरत न्हाय. ही वाफ हाय. भातावरचं झाकण काढलं म्हणून वाफ थांबते व्हय? खाली थिनर हाय तोवर ती येतच राहणार. त्यात हवेपेक्षा जड, तळालाच बसून राहणार. आकाराममामा उतरले की आडवेच होतील. आधी थिनर पंपानं उपसा, टाकी वाळू दे, मग बघू."

"गॅस काय, वाफ काय, एकच की! त्यापायी दिवसभर छपाई बंद ठेवू? उगं तोंडाची वाफ दवडू नका, म्याडम."

हे मात्र दीक्षाला झोंबलं. म्हणजे हिची वाफ वाया, आणि खालची वाफ माणसाचा जीव घेणार? वा रे वा! आई रोज बजावायची, नवी नोकरी आहे, जरा दमानं घे. घेतलं असतं हो दमानं! पण वर उभं राहून खाली माणूस गुदमरताना बघायचं, हे तिच्यानं होणार नव्हतं. तिनं ओढणी खोचली, पंखा बाजूला सारला, टाकीवर झाकण ओढलं आणि त्याच्यावर मांडी ठोकून बसली.

उदयसिंह लालबुंद झाला. "उठा! न्हायतर उद्यापासून कामावर यायचं न्हाय!"

"उद्यापासून ना?" दीक्षानं मांडी आणखी घट्ट केली. "मग आज हितली केमिस्ट मीच हाय. आणि माझी परवानगी न्हाय."

तेवढ्यात आकाराम पुढं आला आणि मालकाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "मालक, गॅस गेलाय म्हणताय न्हवं? मग उतरा की तुमीच."

उदयसिंह काही उतरला नाही. त्यानं पंप मागवला.