उजेडात पाणी पाजलेलं पातं

"आधी पडदे ओढा, बाई. उजेडात लोखंड खोटं बोलतं."

हिरोसे आजोबांचं हे मोडक्यातोडक्या इंग्रजीतलं बोलणं मधुमतीच्या कानातून जात नव्हतं. इंग्लंडात, वॉटफर्डच्या कालव्याकाठच्या शेडमध्ये या म्हाताऱ्यानं जपानी तलवारीची जुनी घडाई पुन्हा उभी केली होती. लोखंड वाळूतून स्वतः वितळवायचं, घड्या घालून ठोकायचं. पातं पाण्यात बुडवताना मात्र शेडमध्ये काळोख हवा, तरच तापलेल्या पोलादाचा खरा रंग कळतो. अंघोळ केल्याशिवाय तो भट्टी पेटवत नसे, कामाच्या दिवसांत मांस-मद्याला शिवत नसे. दारावर भाताच्या पेंढ्याचा पवित्र दोर. मधुमतीला हे सोवळं घरच्यासारखं वाटे. रोजची पोथी झाली की ती डबा घेऊन जाई, पडदे ओढून देई. तिचा नवरा हरीश त्याचा शिष्य.

नव्वद सालच्या हिवाळ्यात, हॉस्पिटलात, म्हातारा तिला म्हणाला, "धारेला चीर गेलेलं पातं विकायचं नाही. मोडून भट्टीत घालायचं. हरीशच्यानं ते होणार नाही. तुम्ही मोडा."

ती हो म्हणाली. पुढच्याच आठवड्यात तो गेला.

वसंतात हरीशनं मासिकाच्या फोटोग्राफरला आणि काही पाहुण्यांना बोलावलं. पडदे उघडे, वर दोन मोठे दिवे. त्या झगझगाटात पोलादाचा रंग फिका दिसला, म्हणून हरीश तापवतच राहिला. पातं पाण्यात गेलं आणि बारीकसा 'टिंग' आवाज आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डबा धरून दारात उभ्या असलेल्या मधुमतीनं ओळखलं, पात्याला चीर गेली.

पातं पॉलिश झालं त्या शनिवारी ती शेडमध्ये गेली, तर ऐरणीवर अर्धवट खाल्लेला सॉसेज रोल, पाण्याच्या हौदात सिगरेटची थोटकं. मुठीत जाणाऱ्या भागावर हरीश छिन्नीनं अक्षरं कोरत होता. हिरोसेंचं नाव.

"अहो, हे त्यांनी कुठं घडवलंय?"

"त्यांच्या भट्टीतलं आहे ना? झालं तर."

"धारेला चीर आहे. टोकापासून चार बोटांवर."

"घासून बुजवलीय. विकत घेणाऱ्या कॉलिन्सला दिसली नाही, तुला बरी दिसते. उद्या फेअरमध्ये टांगलेलं डुक्कर एका घावात कापणार आहे तो. पोरं पुढच्या रांगेत. झकास शो होईल."

"आणि तुकडा उडाला तर?"

"मधू, तू तुझे उपास सांभाळ. लोखंडाचं मी बघतो."

असं म्हणत त्यानं चरबीनं चिकट झालेली बोटं दारावरच्या दोराला पुसली, नीट, एकेक करून. याच बोटांना आपण रोज ताटात वाढतो, या विचारानं तिच्या अंगावर शिसारीचा काटा आला. रात्री जेवताना त्यानं भात कालवला, तेव्हा तिनं मान फिरवली.

रविवारी सकाळी हरीश कॉलिन्सला आणायला स्टेशनवर गेला. कापडात गुंडाळलेलं पातं हॉलमधल्या सोफ्यावर होतं. मधुमतीनं अंघोळ केली, पोथीचा अध्याय वाचला, घाई न करता. आज पाणीही घेतलं नाही. साडीवर कोट चढवला, पातं उचलून छातीशी धरलं आणि खुंटीवरची शेडची किल्ली काढली.

आधी पडदे ओढायचे, मग हातोडा. घराचं दार हळूच लावून ती कालव्याच्या वाटेला लागली.